रंजनाचे आठ खांदे

माघातला पहिला मंगळवार. दुपार. उपकेंद्रातली मासिक बैठक. हजर: मी, या उपकेंद्राची आरोग्यसेविका, आसपासच्या वाड्यांच्या पाच आशाताई, अंगणवाडीच्या शिंदेबाई, आणि वरच्या कोंडाची आशा रंजना सकपाळ, पोटातल्या बाळासह. गैरहजर कोणी नाही.

विषय नेहमीचाच होता. पुढच्या दोन महिन्यांत बाळंत होणाऱ्या बायांची नावं, अंदाजे तारीख आणि प्रसूतीचं ठिकाण प्रत्येक आशाने सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं. रंजनाला तारखा येत होत्या, पण ती कधी तारीख सांगत नसे. "दळव्यांची धाकटी, गौरीच्या आदुगर. बामन्याची लेक, नाचनी काढायच्या वक्ताला." मग मी त्याची तारीख करून घ्यायची. त्या दिवशी तिच्याकडे एकच नाव होतं. ती उभी राहिली, पोटावरून पदर सारखा केला आणि पाढा म्हणावा तशा आवाजात म्हणाली, "रंजना तुकाराम सकपाळ. शिमग्याला. ठिकान, घर."

बाकीच्या खो खो हसल्या. शिंदेबाई म्हणाल्या, "अगो, मग आम्हाला पण बोलव. पालखीपुढे नाचू आणि तुझ्या बाळाला न्हाऊ घालून येऊ." सगळ्यांना ती थट्टाच वाटली. वरच्या कोंडात इतकी वर्षं एकही बाळंतपण घरात होऊ न देणारी बाई स्वतःच्या नावापुढे 'घर' सांगते, यावर दुसरं काय वाटणार? पण रंजना हसत नव्हती. मी लिहायची थांबले तेव्हा म्हणाली, "लिहा बाय. शाई सुकंल."

रंजना कोण होती हे तिला न पाहिलेल्या माणसाला सांगायचं तर आधी वरचा कोंड सांगायला हवा. उमरठच्या वरच्या अंगाला डांबरी रस्ता संपतो. तिथून पायवाटेने दमछाक होईस्तोवर चढलं की ही वाडी. जिथं सपाटी मिळाली तिथं घर, एवढाच हिशोब. कमावते पुरुष मुंबईला, नाहीतर डोंबिवली-भिवंडीच्या कारखान्यांत. वाडीत राहतात बाया, म्हातारी माणसं, शाळेतली मुलं आणि शेळ्या. रस्ता मंजूर होतो, जेसीबी येतो, मातीची पट्टी निघते आणि पावसाळ्यात खाली ओढ्यात जाते. रंजना म्हणायची, "आमचा रस्ता म्हंजे पाव्हना. येतो, च्या पितो, जातो."

माझी इथे बदली झाली तेव्हा पहिल्यांदा वर चढले ती सरळ सर्वेक्षणाचे कागद काढून ओट्यावर बसले. ठेंगणी, सावळी, नाकात चमकी असलेली एक बाई आली. तिने आधी माझ्या मांडीवरचे कागद उचलून बाजूला ठेवले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "पयलं पानी प्या. धापा टाकत काढलेलं अक्षर तुमालाच वाचता यायचं नाय." ही रंजना. तेव्हापासून आमचं जमलं. मला सगळं ठरवून, लिहून, खूण करून करायची सवय. तिला माणसं धरून करायची. मी यादी करायची आणि ती यादीतल्या प्रत्येकीला हाताला धरून खाली आणायची.

तिची एक खोड साऱ्या तालुक्यात माहीत होती. बाई घेऊन ती खालच्या सरकारी दवाखान्यात यायची. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तसे पुष्कळ आहेत. बाईला आत घेतलं की दार लागायचं आणि सोबतच्या माणसांनी बाहेर बाकड्यावर बसायचं. रंजना बाकड्यावर कधी बसली नाही. ती इमारतीला वळसा घालून मागे जायची. तिथे पाण्याच्या टाकीशेजारी प्रसूतिगृहाची खिडकी होती, उंचावर, जाळी लावलेली. एक जांभ्याचा चिरा तिने तिथे आणूनच ठेवला होता. त्यावर उभी राहायची आणि आतल्या बाईशी बोलत राहायची. "मी हितंच हाय गो." तिथून सुरुवात. मग तिच्या घरची शेळी व्यायली का, महाडच्या बाजारात सुके बोंबील काय भावाने गेले, कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलं. आतून कण्हणं वाढलं की हिचा आवाज वाढायचा. आतल्या सिस्टर ओरडायच्या, "ए बाई, गप्प बस!" ती म्हणायची, "तुमी तुमचं काम करा सिस्टर, मी माजं करतेय." आणि पुन्हा बोंबलांवर यायची. बाळ रडल्याचा आवाज आला की चिऱ्यावरून उतरून, टाकीच्या नळाखाली तोंड धुऊन, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढच्या दाराशी उभी.

अशी ती. म्हणून त्या मंगळवारी बैठक उठल्यावर मी तिला थांबवून घेतलं. चहा टाकला.

"खुळी झालीस का रंजना?"

"खुळी नाय बाय. उशिरानं शानी झाले."

"वय अडतीस. मधली दोन पोटं गळली. रक्त कमी."

"मला नगा सांगू. रक्ताच्या गोळ्या मीच वाटते."

"वाटतेस, खातेस का?"

"खाते. रोज. शपथ."

मग ती बोलली. तिची थोरली स्वाती झाली तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली पोर होती. नवरा बाहेर, सासू बाहेर, ही आत. शेजारच्या टेबलावर दुसरी बाई. दोघींना दोघींचं सगळं दिसत होतं. कळ आली तशी ही ओरडली, तर तिथल्या कुणीतरी मांडीवर फाडकन चापट मारली आणि म्हणाली, "नवऱ्याजवळ गेलीस तेव्हा नाही का ओरडलीस?" रंजना हे सांगताना चहाच्या कपात बघत होती. "मार नाय लागला बाय. मार काय, सासरी-म्हायेरी कुनी खाल्ला नाय? पन मी छताकडं बघत व्हते आनि मला वाटलं, आता मी मेले तं भायेर यांना कवा कळंल? माजं मानूस कुनीच नाय हितं. मंग मी तोंडात पदर कोंबला. पोरगी झाली तवा माझ्या तोंडात पदर व्हता."

"तरी तू सगळ्या बायांना तिथेच नेलंस."

"जगाव्या म्हनून नेलं. तुमी शिकवलंत तसं नेलं. आनि मी खिडकीशी व्हते ना." ती थांबली. "माझ्या खिडकीशी कोन?"

"मी उभी राहते."

"तुमी दवाखान्याचं मानूस. तुमाला आतून च्या येईल. च्या घ्यायला गेलात की माजी बोंब." ती हसली, मलाही हसू आलं. मग मी पुन्हा धोके सांगायला लागले, अतिरक्तस्राव, बीपी, आडवं मूल, तशी तिने कप खाली ठेवला. "बाय, तुमच्या कागदाला कळा येत नायत."

पुढे मला अनेकांनी विचारलं, तू तिचं ऐकलंसच कसं? मी ऐकलं नव्हतं. तिने मला विचारलंही नव्हतं, सांगितलं होतं. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवलं. तरुण आणि चांगले डॉक्टर आहेत. ते स्वतः वर चढून गेले, ओट्यावर बसून तिला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, कोकमाचं सरबत दिलं आणि घरी बाळंत होणार हे लिहून त्याखाली सही केली. तिचा नवरा तुकाराम डोंबिवलीहून फोनवर म्हणाला, "बाई, तिनं ठरवलं की ठरलं. मी फक्त रजा टाकतो." सगळ्यात जास्त विरोध कुणाचा असेल तर तिच्या सासूचा, भागीरथीआजींचा. त्यांनी मला अंगणात गाठून सांगितलं, "माझी पाच घरात झाली, बाय. दोन ह्याच घरात गेली. आमच्या टायमाला दवाखाना नव्हता म्हनून आमी घरात. हिला हाय तं ही घरात. उलटी गंगा हो! तुमी तरी दोन लाफे द्या तिला."

रंजना आतून ओरडली, "लाफेच नको म्हनून तं घरात!"

शेवटी मी ठरवलं, ती करणारच असेल तर नीट होऊ दे. शिमग्यात मी रजा घ्यायची आणि दिवस भरले की वर तिच्या घरी मुक्कामाला जायचं. मग तयारी सुरू झाली. मी आयुष्यात पुष्कळ याद्या केल्या, पण माझी एखादी यादी कुणी इतक्या मनापासून पुरी करताना पाहिलं नाही. मी म्हणाले खोली धुऊन काढा, तिने भिंतींना चुना दिला. मी म्हणाले स्वच्छ कपडा, तिने जुन्या सुती साड्या उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करायला महाडला पाठवल्या. इस्त्रीवाला म्हणाला, चिंध्यांना इस्त्री? ती म्हणाली, "चिंध्या तुझ्या घरी. ही बाळंतिणीची पैठनी हाय." इंजेक्शनं, सलाईन, गोळ्या मी नेऊन ठेवल्या. तिच्या रक्तगटाची दोन माणसं महाडात सांगून ठेवली. कदमांची गाडी शिमगाभर डांबरी रस्त्याच्या टोकाला उभी राहील असं ठरवलं. राहिला प्रश्न घर ते रस्ता. काही वाईट झालं तर तिला खाली न्यायचं कसं?

त्याचं उत्तर तिने आधीच काढून ठेवलं होतं आणि त्याचा तिला फार अभिमान होता. डोली. जाड बांबू, त्याला घट्ट बांधलेलं घोंगडं, आणि आठ खांदे. चार उचलायला, चार बदलीला. ही वाट रिकाम्या माणसाला अवघड, डोलीवाल्यांना चढाउतारावर खांदा बदलावाच लागतो. एरवी कोंडात आठ खांदे नसतात. गणपतीत असतात आणि शिमग्यात असतात. "माजं पोर हुशार हाय बाय," ती पोटावर थाप मारून म्हणायची, "खांदे बघून येतंय."

"पोट म्हणजे काय एसटी आहे, वेळेवर यायला?"

"एसटी तरी कवा येळवर येते? शिमगा पंधरवडाभर चालतोय. मागंपुढं झालं तरी खांदे हायत." मग ती तिची ठरलेली म्हण म्हणायची, "खांदा हाय तवर गाव हाय."

आठ जणांना तिने एकेकाला फोन केले. कुणी गोदीत, कुणी वॉचमन, कुणी रिक्षावाला. प्रत्येकाकडून शब्द घेतला. एकाने थट्टा केली, "वहिनी, तुझं वजन किती? त्या हिशोबानं कोंबडी खाऊन येतो." ती म्हणाली, "दोन खाऊन ये. आमी दोघं हाव." नावं तिने मला सांगितली, मी लिहिली. सगळे तरणे, दणकट. उंचीला सारखे, म्हणजे डोली कलायची नाही. तेही तिने पाहिलं होतं.

शिमगा आला, माणसं आली. कोंड एकदम भरला. मी पिशवी घेऊन वर गेले. माझं घर महाडच्या बौद्धवाडीत; पालखी आमच्यात नाही, त्यामुळे इतक्या जवळून मी शिमगा पहिल्यांदाच पाहत होते. गावदेवीची पालखी घरोघरी जात होती. रंजना नऊ महिन्यांचं पोट घेऊन दारात उभी राहून ओटी भरत होती आणि पालखीखालच्या दिरांना टोमणे मारत होती. "नीट नाचवा रे, देवीला एसटीत बसल्यासारखं वाटाया नको."

त्या दिवशी पालखी ओढ्यापलीकडच्या वाडीला जाणार होती. तिथली देवी कोंडाच्या देवीची बहीण. वर्षातून एकदा बहिणींची भेट होते. पुढच्या दांड्याचा मान तुकारामच्या घराण्याकडे. सकाळी तो घुटमळत होता. रंजनाच्या कंबरेत किंचित दुखत होतं. मी तपासलं, तर अजून काही सुरुवात नव्हती. तिनेच त्याला पिटाळलं. "जा. तुझा मान हाय. आज नाय व्हायचं काय." ढोल वाजत वाजत पालखी उतरली, पलीकडच्या डोंगराला लागली, आणि वाडीत आम्ही बायका आणि म्हातारी माणसं उरलो.

डोलीच्या यादीतले आठही जण पालखीबरोबर गेले होते. वाडीतले सगळ्यात तरणे, दणकट, सारख्या उंचीचे पुरुष कोण, तर पालखीचे भोई. रंजनाने ज्या खुणा पाहून माणसं निवडली त्याच खुणा पाहून गावाने ती कधीचीच निवडून ठेवली होती. मला पालखीतलं कळत नाही. पण कोंडात एवढी माणसं, आठही नावं सगळ्यांना तोंडपाठ, तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही. कारण साधं आहे. पालखी आणि डोली या दोन गोष्टी एका वेळी कुणी मनात आणतच नाही.

ऊन डोक्यावर आलं आणि कळा सुरू झाल्या. मोठ्या अंतराने आलेलं पोट होतं; मला वाटलं वेळ लागेल. लागला नाही. भागीरथीआजी मागे बसून तिला काखेत धरून होत्या. शेजारची पार्वती कंबर चोळत होती. या पार्वतीच्या दोन्ही बाळंतपणांना रंजना खिडकीशी उभी होती. दाराबाहेर आणखी चार-पाच जणी. चुन्याच्या वासाची ती खोली बायकांच्या आवाजाने भरून गेली होती. कळ आली की रंजना जीव खाऊन ओरडायची.

"वरड गो, वरड," आजी म्हणायच्या. "तुझंच घर हाय."

"वरडतेच हाय! ह्याच्यासाटीच तं केलंय सगळं!" कळ ओसरली की ती हसायची. घामाने भिजलेली, केस सुटलेले, आणि हसतेय. इतकी वर्षं मी हे काम करते. कळांच्या मध्ये अशी हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मुलगी झाली. लगेच रडली. मी पुसून रंजनाच्या छातीवर ठेवली. तिने बाळाच्या डोक्यावर हनुवटी टेकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, बघा. कुनी मला गप नाय म्हनलं."

हे तिचं शेवटचं नीट बोललेलं वाक्य. म्हणून जसंच्या तसं लिहून ठेवते आहे.

वार पडली, अख्खी पडली, मी उलटसुलट तपासली. पण रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, सलाईन लावलं. पोटावरून गर्भाशय चोळत होते. हाताखाली ते घट्ट व्हायला हवं, ते पुन्हा पुन्हा मऊ पडत होतं. मी म्हणाले, "डोली." आजींनी ओटीवरून ओरडून सांगितलं, "खांदे बोलवा!" आणि तेव्हा सगळ्यांना एकदम कळलं.

फोन लागत नव्हता. म्हातारे धोंडूतात्या कड्यावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी कुकारा घातला. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाक पोचवायची इथली जुनी रीत आहे. शांत दिवशी तो कुकारा पार ओढ्यापलीकडे ऐकू जातो. पण पलीकडे बहिणींची भेट चालली होती. ढोल-ताशे टिपेला पोचले होते. पालख्या नाचत होत्या, हे आम्हाला इथून दिसत होतं. तात्या ओरडत राहिले. शेवटी त्यांनी डोक्यावरचा पटका सोडून हलवला. कुणी मान वळवली नाही.

पार्वतीने पदर खोचला. "बघत काय ऱ्हायल्यात? धरा." ती बांबूच्या पुढच्या टोकाला गेली. बाकीच्या सरसावल्या. कुणी उंच, कुणी ठेंगणी. एक साठी उलटलेली, एक स्वतःच अंगावर पाजणारी. त्यांतल्या बहुतेक जणींना रंजनाने हाताला धरून ही वाट उतरवली होती. घोंगडं कलत होतं. मी बाजूने चालत एक हात तिच्या पोटावर दाबून ठेवला होता. वाट इतकी अरुंद की कित्येकदा मी वाटेवर नव्हते, करवंदीच्या जाळीत होते. बाळ आजींकडे घरी राहिलं होतं. पार्वती धापा टाकत, पुढे बघत, सारखी बोलत होती. "रंजे, ऐकतेस ना? दळव्यांची म्हस तुझ्या आळ्यात शिरली व्हती, सांगायची ऱ्हायली बघ. सगळी वांगी खाल्लीन. तू उठलीस की भांड तिच्याशी." रंजना म्हणाली, "भांडते." थोड्या वेळाने पार्वतीने विचारलं, "ऐकतेस ना गो?" रंजनाने "हूं" केलं. त्यानंतर पार्वती बोलत राहिली, उत्तर आलं नाही.

पलीकडच्या डोंगरावरून कुणीतरी ते पाहिलं असावं. भर उन्हात रंगीत लुगड्यांची एक रांग, मध्ये डोली. ढोल एकदम बंद झाले. पुढे जे झालं ते मी नंतर ऐकलं. देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या दगडी चौथऱ्यावरच टेकवायची, वाटेत जमिनीला लावायची नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. आठांनी ती तिथेच उघड्या कातळावर ठेवली आणि डोंगर उतरून धावत सुटले. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा ते ओढा ओलांडून चढत होते. कदमांची गाडी जागेवर होती. तुकाराम गुलालाने माखलेला, अनवाणी, गाडीत चढला आणि त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोलादपूर यायच्या आधी माझ्या बोटांना तिची नाडी लागेनाशी झाली. तुकारामने माझ्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "सावकाश चालव आता."

दिवस झाल्यावर वाडीची बैठक बसली, देवळापुढे. पालखी कातळावर टेकली त्याचं प्रायश्चित्त काय, असं एक म्हातारा म्हणू लागला, तशा भागीरथीआजी उठल्या. एरवी त्या बैठकीत बाया बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "देवी बाईमानूस हाय. तिला नाय कळनार तं कोनाला?" पुन्हा तो विषय निघाला नाही. ठरलं ते असं: वाडीत दिवस भरलेली बाई असेल त्या वर्षी पालखीचे अर्धे भोई वाडीतच थांबतील, बहिणींची भेट म्हाताऱ्या खांद्यांनी, हळूहळू होईल. मी ते ऐकलं आणि चांगलं ठरलं असं म्हणाले. चांगलंच आहे. पण घरी येताना चालत होते आणि माझ्या लक्षात आलं की हा ठराव तिच्या मरणावर झाला, तिच्या मागणीवर नाही. खांदे तिला अडीअडचणीला हवे होते. मागणी तिने माझ्यासमोर, चहाचा कप हातात धरून सांगितली होती: आत असताना आपलं एक माणूस जवळ असावं.

ही मागणी काही जगावेगळी नाही. बाळंत होणाऱ्या बाईसोबत तिच्या घरची एक बाई आत असू शकते, असं सरकारनेच सांगितलेलं आहे. मी खालच्या दवाखान्यात जाऊन विचारलं, मग आत सोडत का नाही? तिथल्या मोठ्या सिस्टर वाईट नाहीत. त्यांनी मला आत नेऊन दाखवलं. दोन टेबलं, मध्ये हातभर जागा, आडोसा काही नाही. "हिची सासू आत घेतली तर तिला शेजारची बाई उघडी दिसणार. कुणाचं ऐकायचं मी?" त्यांचं बरोबर होतं. मग मी मापं घेतली. महाडच्या बाजारातून जाड हिरवं कापड आणलं, धुतलं तरी रंग न जाणारं. आमच्या आळीतल्या शिंप्याकडून कड्या लावून पडदा शिवून घेतला. डॉक्टरांनी मोठ्या साहेबांशी बोलून होकार मिळवला.

आता अडलंय ते भिंतीवर. सरकारी भिंतीला भोक पाडायचं तर बांधकाम खात्याचा माणूस येऊन बघून जायला हवा, आणि तो येतो येतो म्हणतोय. पार्वतीची धाकटी जाऊ नववा संपवत आली आहे. पार्वती दर आठवड्याला खाली येऊन एकच विचारते, "बाय, मी आत जानार ना?" पडदा माझ्या कपाटात घडी घालून ठेवला आहे. दांडी बसवायची राहिली आहे.